कारणाचा रकाना

चौथीच्या वर्गाला मी हवामानाच्या वह्या आखून दिल्या तेव्हा चार रकाने पाडले होते. तारीख, आभाळ, मोजमाप आणि कारण. पहिले तीन कुणीही भरेल, शाळा असते ती चौथ्यासाठी, असं माझं ठाम मत होतं. "कारणाचा रकाना कोरा दिसला तर वही खिडकीतून बाहेर फेकून देईन," असा दम मी पहिल्याच दिवशी भरला. माझा आवाज मोठा आणि राग नाकावर, त्यामुळे पोरांनी तो खरा मानला.

शाळा मोर्शी ओलांडून वरूडच्या अंगाला, आडरस्त्यावरच्या एका गावात. दोनशिक्षकी, चहूबाजूंनी संत्र्याच्या बागा. मी अमरावतीहून अप-डाउन करते. मोर्शीपर्यंत एसटी आणि तिथं ओळखीच्या दुकानापाशी उभी ठेवलेली स्कूटी. माहेर माझं अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. त्यामुळे या गावात पहिल्यांदा विहिरीचं गोड पाणी प्याले तेव्हा दुसरा तांब्या मागून घेतला होता. पाण्याच्या बाबतीत मी भोळी आहे, असं माझ्या घरचे म्हणतात. ते खरं असावं.

हवा आणि हवामान यांतला फरक शिकवायला मला तीन दिवस लागले. हवा रोज बदलते, हवामान वर्षानुवर्षं तसंच असतं, असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. शेवटी मागच्या ओळीतल्या एका पोरीनं हात वर केला. "मॅडम, मंग माह्या बाबाचा राग म्हंजे हवा, अन् आजीचा राग म्हंजे हवामान." सगळा वर्ग खिदळला आणि सगळ्यांना समजलं. मी तेच उदाहरण फळ्यावर लिहिलं.

मोजमापाचं काम मी वाटून दिलं. कुणी थंडीचं, कुणी धुक्याचं, कुणी वाऱ्याच्या दिशेचं. फोनवर शोधून शोधून माहिती काढायची आणि सोपी करून पोरांना द्यायची, हा माझा बसमधला उद्योग. इंग्रजीत ढीगभर सापडे, मराठीत थोडं, आणि चौथीच्या पोराला कळेल असं जवळजवळ काहीच नाही. म्हणून मी पोरांना सांगत असे की पुस्तकात नसेल तर स्वतः करून पाहा. याचा मला त्या वेळी फार अभिमान होता.

एका मुलीनं विहीर मागून घेतली. लहानखुरी, सावळी, लाल रिबिनींच्या दोन घट्ट वेण्या. त्या वेण्या तिची मोठी आई घालून देई, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मुलीची आई सकाळीच संत्रातोडीला जायची. अंगण एक, चुली दोन, आणि ही पोरगी दोन्हीकडे जेवायची. मोठ्या आईला स्वतःचं मूल नव्हतं. मधल्या सुट्टीचा डबा कोणत्या चुलीवरचा आहे, हे पोरगी झाकण उघडण्याआधी वासावरून सांगत असे.

वाटणीत धाकट्याच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या, वाट्याला अंगणालगतच्या वावरातली विहीर आली होती. मोठ्या भावानं, ज्यांना ती मोठे बाबा म्हणे, दोन वर्षांपूर्वी आपल्या वावरात खोल बोर मारला होता. मधे फक्त एक बांध. आमच्या शाळेतलं प्यायचं पाणीही त्याच बोरातून येई. मोठ्या बाबांनी स्वखर्चानं पाईप टाकून दिला होता आणि कधी त्याचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

मोजायची रीत आम्ही दोघींनी ठरवली. नायलॉनचा दोर, हात-हात अंतरावर गाठी, टोकाला दगड. दोर विहिरीत सोडायचा, दगड पाण्याला टेकला की काठापर्यंतच्या गाठी मोजायच्या. गाठी जास्त म्हणजे पाणी खोल. सोबत मोठं माणूस असल्याशिवाय काठाजवळ जायचं नाही, ही माझी अट. सोबतीला मोठी आईच जायची. पोरगी मोजायची आणि ती मागून तिचा फ्रॉक मुठीत धरून उभी राहायची.

डिसेंबरात गावात सगळ्यांनी संत्र्याची झाडं ताणावर सोडली. म्हणजे पाणी बंद. महिनाभर झाड तहानलेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, आणि संक्रांतीच्या सुमारास पाणी देऊन ताण तोडायचा. मग झाड फुलावर येतं. हे इथं बागवाल्यांच्या पोरांनाही ठाऊक असतं. मला ते त्या मुलीनं समजावलं, तेही जरा कीव करत.

ताणाच्या त्या दिवसांत ती एकदा धावत आली. "मॅडम, आमच्या इहिरीचं पानी वर येऊन राहिलं! अकरा गाठी होते, आता नऊच आहे. पाऊस नाइ तं पानी कुठून येऊन राहिलं?"

"कारणाचा रकाना कुणाचा आहे? माझा की तुझा?" मी म्हटलं.

दोन दिवसांनी रकाना भरून आला. कोणीच पाणी घेत नाही म्हणून जमिनीतलं पाणी साचत आहे, असं तिनं लिहिलं होतं. मी वही हातात घेऊन अख्ख्या वर्गाला वाचून दाखवली. दुसऱ्या वर्गावरच्या सरांना नेऊन दाखवली. त्या संध्याकाळी बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं.

मग संक्रांत आली. ताण तोडायच्या दिवशीच मुलीच्या वडिलांची मोटर जळाली. वायंडिंगला वरूडला नेली, आणि सणामुळे पाच दिवस अडकली. मोठ्या बाबांनी मात्र ठरल्या दिवशी बोर सुरू केला. विजेची लाइन असेल तेवढा वेळ पाणी चालू. आणि इकडे, ज्या विहिरीवर मोटरच नव्हती, तिचं पाणी उतरायला लागलं. दहा गाठी, अकरा, बारा, तेरा.

वर्गातल्या हुशार पोरांनी लगेच पाठ केलेलं उत्तर दिलं, बाष्पीभवन. तिला ते पटलं नाही. तिनं विहिरीच्या काठावर ताटात पाणी ठेवलं. पहिल्या दिवसाची नोंद अशी होती: "शेळीने पाणी पिले." दुसऱ्या दिवसापासून तिनं ताटावर जाळीचं भांडं पालथं घातलं. चार दिवसांत ताटातलं पाणी अर्ध्या पेराएवढं कमी झालं आणि विहीर चार हात उतरली. कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं, "बाष्पीभवन नाही. आमची मोटर बंद होती. मोठ्या बाबांचा बोर चालू होता. पाणी आतून तिकडे जाते."

मी नोकरीतल्या इतक्या वर्षांत असं लेकरू पाहिलं नव्हतं. मी तिला खुर्चीवर उभं केलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. तालुक्याच्या प्रदर्शनात हाच प्रकल्प जाणार, असं तिथल्या तिथं जाहीर केलं. त्याआधी सव्वीस जानेवारीला गावासमोर एकदा म्हणून घे, सराव होईल, हेही मीच सुचवलं. ते वाक्य परत घेता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, कवायत झाली. समोर खुर्च्यांवर गावातले मोठे, आणि मधल्या खुर्चीवर मोठे बाबा, कारण पोरांना वाटायची जिलेबी दरवर्षी त्यांची असे. पोरगी तक्त्यापाशी उभी राहिली. वेण्या नेहमीपेक्षा घट्ट, रिबिनी नव्या. तिनं न अडखळता सगळं सांगितलं. ताण, मोटर, ताट, शेळी. शेळीला सगळे हसले. आणि शेवटी मी घोटून घेतलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "म्हणून आमच्या विहिरीचे पाणी मोठ्या बाबांच्या बोरात गेले."

मागून कुणीतरी शिट्टी मारली. कुणी मोठ्यानं "वा रे पोट्टी!" म्हटलं. मोठे बाबा हसले, उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हुशार आहे." मी खुश होते. तिचे वडील हसत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण काही लोक हसत नाहीतच, असं म्हणून मी जिलेबी वाटायला लागले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तिच्या वडिलांच्या मनात ही शंका दोन वर्षांपासून होती. बोलायला तोंड नव्हतं, कारण हाती पुरावा नव्हता. आता तो लेकीच्या अक्षरात, मॅडमच्या सहीनिशी मिळाला. त्याच संध्याकाळी ते वही घेऊन अंगण ओलांडून गेले. "दादा, चवथीतल्या पोरीले समजते, तुमाले समजत नाइ काय? बोर बंद करा." मोठे बाबा म्हणाले, "बोर माह्या वावरात आहे. पानी काय मले विचारून येते?" त्यावर आवाज चढले, जुन्या वाटणीतलं एकेक उकरून निघालं, आणि बोलणं तुटलं. अंगणात मधोमध बाभळीच्या काट्या रोवून कुंपण घातलं गेलं.

मला यातलं सोमवारी कळलं, ते तिच्या केसांवरून. एकच शेपटी, वाकडी, साध्या रबरानं बांधलेली. आईला वेळ नव्हता आणि मोठ्या आईकडे जायची बंदी होती. मधल्या सुट्टीत तिनं डबा उघडला, वास न घेता, आणि मान खाली घालून जेवली. मी विचारलं, "मोजमाप केलंस का गं?" म्हणाली, "आता बाबा येते संगं." मग म्हणाली, "मोठी आई काट्याच्या तिकून पाह्यते." मी हातातल्या खडूचे दोन तुकडे केले.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. मजुरी अर्ध्यावर टाकून आली होती, हे पायाच्या चिखलावरून दिसत होतं. बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, तुमी सांगा ना, का मोजण्यात चूक झाली म्हनून."

"अहो, पण चूक झालेली नाही."

"मले कुठं म्हनाचं आहे का झाली. पण तुमी म्हनान तं हे आयकतीन. माह्यं कोनी आयकत नाइ." तिनं पदर तोंडाला लावला. "पोरगी रोज संध्याकाळी काट्याजवळ जाऊन बसते. तिकडून मोठी आई बसते, इकडून हे. बोलाची बंदी आहे तं दोघी बोलत नाइ. नुसत्या बसते."

मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. वडिलांचा आला, मोठ्या बाबांचा आला, जमिनीखालच्या त्या पाण्याचाही आला. ते काही आमच्या पुस्तकातल्या चित्रासारखं बाणांच्या मागं मागं जात नाही. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, पुन्हा समुद्र. त्या चित्रात कुणाचं वावर नसतं आणि बांधही नसतो. मोठ्या बाबांनी उद्या बोर बंद केला तर त्यांची झाडं गेली. चालू ठेवला तर भावाची गेली. दोघांचंही खोटं नव्हतं, आणि या दोघांच्या मधे मी एका नऊ वर्षांच्या पोरीला तक्ता देऊन उभं केलं होतं. हे माझ्या डोक्यात का आलं नाही? मी मोजमाप शिकवलं आणि कारण शिकवलं, पण कारण सापडल्यावर काय करायचं हे मला कुठं माहीत होतं. अजूनही नाही.

शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले, दोन्ही भावांना अंगणात बोलावलं आणि काट्यांच्या या बाजूला उभी राहून खोटं बोलले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "दोर पाण्यात भिजला की वाढतो. गाठी लांब लांब जातात. मी पोरीला आधी सांगायला हवं होतं. मोजमाप बरोबर नाही, त्यावरून काही सिद्ध होत नाही."

आवाज माझा नेहमीसारखाच मोठा होता. मोठ्या बाबांनी विहिरीच्या काठावर वेटोळं करून ठेवलेल्या निळ्या दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्या माणसाचं आयुष्य विहिरीवर गेलं होतं. नायलॉनचा दोर पाण्यानं हातभर वाढत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि धाकट्यालाही ठाऊक होतं. आणि दोर वाढला असता तर गाठी कमी भरल्या असत्या, जास्त नव्हे, एवढं तर कुणालाही कळतं. तरी धाकटा हळूच म्हणाला, "मॅडम म्हनतात तं असंन." आणि मोठे बाबा म्हणाले, "हो, असंन. नवा दोर आहे." कुणीतरी चहा ठेवायला सांगितलं. तो मोठ्या आईच्या चुलीवर झाला आणि दोघांनीही घेतला.

पोरगी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. मी तिच्याकडे न बघता चहा संपवला आणि स्कूटी काढली.

सोमवारी ती दोन वेण्या घालून आली. घट्ट, लाल रिबिनींच्या. मला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याची लाजही वाटली. तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही थर्माकोलचं जलचक्र पाठवलं. निळा समुद्र, कापसाचे ढग, हिरवा डोंगर, लाल बाण. बाण तिनंच कापून चिकटवले, अगदी नीट. परीक्षकांनी कौतुक केलं. दरवर्षी तेच येतं आणि दरवर्षी ते कौतुक करतात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मधल्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तरी ती जागेवर बसून राहिली. मग माझ्या टेबलापाशी आली. हातात तो दोर होता, ओला. टेबलावर पाणी गळायला लागलं.

"मॅडम, हा दोर वाढत नाइ."

मी मान वर केली नाही. हजेरीपुस्तकात काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"मी दोन दिवस बालटीत भिजवून ठेवला. मंग ओसरीच्या खांबाले लावून पाह्यला. कोरडा होता तवा चौथ्या गाठीले खांबावर खूण केली होती. बरोबर तेवढाच आहे." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण मी घरी नाइ सांगतलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिला मला पकडायचंही नव्हतं. मी शिकवलं होतं तसं तिनं करून पाहिलं होतं आणि उत्तर आणून दिलं होतं. आणि ते कुणाला सांगायचं नाही, एवढं तिनं आपलं आपण शोधलं होतं. मला रडू येईल असं वाटलं. चौथीच्या पोरीसमोर मी कधी रडलेले नाही.

"बरं केलंस," मी म्हणाले.

"मंग वहीत काय लिहू?"

बाहेर पोरं ओरडत होती. कुणीतरी नळ सुरू ठेवला होता आणि मोठ्या बाबांच्या बोराचं पाणी ओट्यावरून वाहत होतं. नळ बंद करून येते, असं म्हणून मी उठले. परत आले तेव्हा ती दोर गुंडाळून जागेवर जाऊन बसली होती.

मोजायचं तिनं सोडलं नाही. मी सोड म्हटलं असतं तर कदाचित सोडलं असतं, पण तेवढं तरी माझ्याच्यानं झालं नाही. फेब्रुवारी गेला, ऊन चढायला लागलं. गावात सगळ्यांच्या मोटरी, सगळ्यांचे बोर चालू. दोन्ही भाऊ आता बोलतात, सणाला एकमेकांकडे जेवतात, पाण्याचा विषय काढत नाहीत. काट्या त्यांनी उपटल्या. मोठी आई फ्रॉक धरून उभी राहते आणि पोरगी मोजते. अंगणातलं सगळं जिथल्या तिथं आहे. विहीर तेवढी उतरत गेली.

एप्रिलमध्ये वर्ष संपताना मी सगळ्यांच्या वह्या तपासायला घेतल्या. तिची सगळ्यात शेवटी घेतली. तारखा न चुकता भरलेल्या. आभाळाच्या रकान्यात निरभ्र, निरभ्र, निरभ्र. मोजमापाच्या रकान्यात सोळा गाठी, एकोणीस, बावीस, पुढं वाढतच. शेवटच्या ओळीत आकडा नव्हता. तिथं नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, "दगड वाजला."

कारणाचा रकाना फेब्रुवारीपासून पार खालपर्यंत कोरा होता. मी लाल पेन काढला, पानाच्या तळाशी "तपासले" असं लिहिलं आणि सही केली.